उकिरडा वेशीसाठी देणगीदार हवा

बायबलात नहेम्याचं पुस्तक आहे. उपासनेत ते फारसं वाचलं जात नाही, आणि त्यातला तिसरा अध्याय तर पाळकसाहेब सहसा उघडतच नाहीत, कारण तो निव्वळ मस्टर रोल आहे. यरुशलेमेचा पडलेला कोट कोणी कुठून कुठपर्यंत दुरुस्त केला, कोणत्या वेशीला कोणी दारं लावली, अडसर कोणी बसवले, याची नावनिशीवार नोंद. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो अध्याय वाचताना भरून येतं. त्यात सोनार आहेत, गंधी आहेत, एका अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा आहेत. तकोवाचे सरदारही आहेत. या लोकांनी कामाला खांदा लावला नाही, असा शेरा त्यांच्या नावापुढे आहे, आणि तो अडीच हजार वर्षं कोणाला खोडता आलेला नाही. पुढे चौदाव्या वचनात रेखाबाचा मुलगा मल्कीया येतो. चांगला एका भागाचा अधिकारी माणूस. त्याच्या वाट्याला उकिरडा वेस आली. शहरातली घाण ज्या दाराने बाहेर जायची ते दार. त्याने ते बांधलं, कड्या-अडसर बसवले आणि अध्याय पुढे सरकला. सगळा कोट 52 दिवसांत पुरा झाला म्हणतात.

मी केनियात एका बालगृहाचं बांधकाम बघायला गेलो तेव्हा मला तकोवाचे सरदार पुष्कळ भेटले. मल्कीया शोधून सापडला नाही.

नगरच्या ख्रिस्ती समाजात मिशनरी म्हणजे बाहेरून आलेला माणूस, असंच वळण आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं केलं तेव्हापासून बोटीतून उतरणारे ते आणि हिशेब देणारे आम्ही. त्यामुळे सेवानिवृत्त रावसाहेब आफ्रिकेत मिशनच्या कामाला निघाले म्हटल्यावर उपासना सुटल्यावर देवळाच्या आवारात चर्चा झाली. एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, “तिकडं गोरे संपले का रं?” सौभाग्यवतींचं म्हणणं वेगळं होतं. ज्याने घरी राहून बाथरूमचा गळका नळ तीन पावसाळे दुरुस्त केला नाही, तो माणूस परमुलखात इमारत काय उभी करणार, एवढीच त्यांची शंका होती. प्रवासाची बॅग त्यांनी भरली आणि वर हौसेने एक पाना ठेवला.

जागा किसुमूच्या पूर्वेला, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या कानो मैदानात. विषुववृत्त इतकं जवळ की दिवस आणि रात्र वर्षभर सारखीच. एचआयव्हीने केनियात सगळ्यांत जास्त माणसं याच भागात नेली होती. कर्ती पिढी गेली, मागे आजी आणि नातवंडं उरली. त्या नातवंडांसाठी दूर उत्तरेकडच्या एका देशातल्या मंडळीने निवासी बालगृह बांधायचं ठरवलं, आमच्या संस्थेने त्यात भागी केली, आणि देखरेखीला पगार न घेणारा माणूस हवा होता.

नकाशा देणगीदार मंडळीतल्याच एका वास्तुविशारदाने फुकट काढून दिला होता. फुकटच्या नकाशावर बोलायची सोय नसते, हे मला खात्यात असल्यापासून ठाऊक आहे. छपराचा उतार असा उभा की त्यावर कावळा टेकला तरी घसरावा. मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला, कारण दक्षिणेचं ऊन खोल्या उबदार ठेवतं. त्यांच्या देशात ठेवतच असणार. कानो मैदानात सूर्य सहा महिने उत्तरेकडून जातो, सहा महिने दक्षिणेकडून, आणि ऊब मिळत नाही अशी तक्रार तिथे आजवर कोणी केलेली नाही. आमचा मुख्य फुंडी, म्हणजे हेडमिस्त्री, चष्मा कपाळावर ढकलून नकाशा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने अदबीने विचारलं, “म्झे, एवढा उतार कशासाठी?” म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. माझ्याबरोबर आलेल्या त्या मंडळीच्या प्रतिनिधीने सांगितलं, की बर्फ घसरून खाली पडावं म्हणून. फुंडीने मान डोलावली. “आणि ते साधारण कोणत्या महिन्यात येतं?”

उतार कमी झाला, पत्रे वाचले, त्या पैशात व्हरांडा निघाला. नकाशात व्हरांडा नव्हताच. तिथली मुलं दिवसभर व्हरांड्यातच असतात, खोलीत फक्त झोपायला जातात. पण हे ज्याला ठाऊक होतं त्या फुंडीला कोणी नकाशा काढायला सांगितला नव्हता.

खरी गंमत जमिनीखाली होती. कानोची माती काळी. आपल्या नगर-सोलापूरकडची काळी असते तशीच: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर येणार, आणि तिच्यावर बांधलेलं घर तिच्याबरोबर दरवर्षी उठबस करणार. प्रभू येशूने खडकावर बांधलेल्या घराचा आणि वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला दिला आहे. काळ्या मातीवरच्या घराबद्दल शुभवर्तमान गप्प आहे. बहुधा गालीलात ओव्हरसिअर लोकांनी तो विषय आधीच मिटवला असावा. उपाय जुनाच आहे. काळी माती पुरती काढून टाकायची, खालचा मुरूम लागेपर्यंत खणायचं, मग बाहेरून मुरूम आणून थर देत, पाणी मारत, धुमस करत भरायचं, वर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, आणि जोत्याभोवती फरसबंदी करायची म्हणजे पावसाचं पाणी पायात उतरत नाही. यात चूक व्हायला जागा नाही आणि बघायलाही काही नाही.

इथेच अडलं. देणगीदार मंडळीला दर पंधरवड्याला फोटो लागायचा, तो त्यांच्या देवळात पडद्यावर दाखवत. मी इमानाने फोटो पाठवत गेलो. पहिला: खड्डा. दुसरा: मोठा खड्डा. तिसऱ्या फोटोत खड्डा बुजवलेला. तिकडून अत्यंत प्रेमळ भाषेत विचारणा आली, की बंधू, आम्ही प्रार्थनेत तुमच्याबरोबर आहोतच, परंतु एवढ्या पैशांत जमीन परत पूर्ववत झाल्यासारखी का दिसते? मी चार पानी उत्तर लिहिलं, त्यात मातीचा फुगवटा आकृतीसह समजावला. त्यावर आलेलं उत्तर एका ओळीचं होतं: पुढच्या फोटोत शक्य असल्यास मुलं असावीत.

तेव्हापासून मी प्रत्येक फोटोत मुलं उभी केली. मुरुमाच्या ढिगावर मुलं, सळयांच्या भाऱ्यावर मुलं, सिमेंटच्या गोणीवर हात उडवणारी मुलं. निधीचा ओघ सुधारला. ही मुलं शेजारच्या शाळेतली होती, धडधाकट आईबापांची, आणि फोटोनंतर मिळणाऱ्या मांडाझीसाठी, म्हणजे तळलेल्या गोड पावासाठी, ती रोज शाळा सुटल्यावर हजर होत. खाली तशी तळटीप मी प्रत्येक वेळी लिहीत असे. तळटीप पडद्यावर येत नाही.

मजुरांबद्दल सांगायचं तर मी आयुष्यात इतके शास्त्रपारंगत बिगारी पाहिले नाहीत. अर्धे सातव्या दिवसाचे ॲडव्हेंटिस्ट, त्यांचा शब्बाथ शनिवारी. उरलेले अँग्लिकन आणि कॅथलिक, त्यांचा रविवार. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस साइटवर निम्मी माणसं, दोन्हीकडे आधार पवित्र शास्त्राचा, आणि मध्ये मी. कोणाचं निधन झालं तर सगळा गाव मयताला, आणि तिथल्या लुओ लोकांत मयत एका दुपारीत उरकत नाही. पैसे वाटणं मात्र सोपं. एम-पेसा 2007 पासून सुरू झालेलं, मजुरी मोबाइलवर जायची. ज्या खेड्यात वीज नव्हती तिथे बिगाऱ्याच्या खिशात पैसे टिंग करून यायचे.

आणि घड्याळ. केनियात स्वाहिली बोलणारा माणूस तास सूर्योदयापासून मोजतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्याचा एक, आपले आठ म्हणजे दोन. हे काही अजब नाही. बायबलातले लोक असेच मोजत. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला मालक तिसऱ्या तासाला मजूर आणतो, सहाव्या-नवव्याला आणतो, अगदी अकराव्यालाही आणतो, ते हेच घड्याळ. परदेशी इंजिनिअरसाहेब पाहणीला आले आणि त्यांनी दुभाष्यामार्फत हुकूम सोडला, उद्या दोनला स्लॅब टाकायचा, मी स्वतः उभा राहणार. फुंडीने दोनला टाकला. साहेब दुपारी दोनला टोपी घालून, कॅमेरा घेऊन आले तेव्हा स्लॅबवर पाणी मारणं चाललं होतं आणि बायका भांडी घासत होत्या. साहेबांनी खूप वेळ घड्याळाकडे पाहिलं. काम मात्र उत्तम झालं होतं. काँक्रीट सकाळच्या गारव्यातच टाकावं, दुपारी दोनला ते टाकायला सांगणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा पाहुणा.

त्या दाखल्याचा दुसरा उपयोग एका बिगाऱ्याने शोधला. तो चार वाजता उगवला, तासभर घमेली उचलली आणि पूर्ण मजुरी मागितली. मत्तय, अध्याय विसावा. अकराव्या तासाला आलेल्यालाही मालकाने पूर्ण नाणं दिलं होतं, आणि आपण सगळे ख्रिस्तीच आहोत ना, म्झे? सकाळपासून राबणारे बाकीचे थापी खाली ठेवून माझं तोंड बघायला लागले. मी त्याला सांगितलं, की तो मालक स्वतःचे पैसे वाटत होता, माझ्याकडे ऑडिट आहे.

ऑडिट हा स्वतंत्र अध्याय आहे. प्रत्येक खर्चाला छापील, सही-शिक्क्याची पावती हवी, असा तिकडचा नियम. डबर आमच्याकडे गाढवगाडीने यायचा. गाडीवाल्याला पावती मागितली तेव्हा त्याने गाढवाकडे पाहिलं. पुष्कळ विचार करून मीच एक नमुना तयार केला: तारीख, खेपा, गाडीवाल्याचा अंगठा, साक्षीदार. तिकडच्या हिशेबनिसाने तो परत पाठवला, वाहन क्रमांकाचा रकाना रिकामा आहे म्हणून. मी त्या रकान्यात ‘तपकिरी, डावा कान फाटका’ असं लिहून पुन्हा पाठवला. मंजूर झाला. पुढच्या महिन्यात राखाडी गाढव आलं तर वाहन का बदललं याचा खुलासा मागवला गेला.

माल किसुमूच्या एका दुकानातून. मालक गुजराती. मोम्बासाहून किसुमूपर्यंत जी रेल्वे 1901 मध्ये पोचली ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले होते. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले, कोणी तापाने, कोणी अपघाताने, त्सावोला काहींना सिंहांनी नेलं. बहुतेक उरलेले परतले, काही हजार राहिले, आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी आले. म्हणजे परक्या मुलखात जाऊन बांधकाम करणारा पहिला हिंदी माणूस मी नव्हे, आणि माझ्या आधीच्यांचा फोटो कुठल्याही देवळाच्या पडद्यावर लागला नाही. दुकानमालकाने माझं हिंदी ऐकून खुर्ची दिली, चहा मागवला, “भगवान का काम है, साहब” म्हणून दहा टक्के सोडले आणि वाहतुकीत पंधरा लावले. पत्रे 28 गेजचे ठरले होते. आले ते फुंडीने बोटाच्या पेराने नुसते टकटक वाजवले आणि म्हणाला, “तीस.” गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. मायक्रोमीटर लावला तर तीसच निघाले. पत्रे परत गेले. मालक फोनवर दुखावल्या आवाजात म्हणाला, कारकुनाची चूक. त्या कारकुनाच्या चुका नेहमी पातळ बाजूलाच व्हायच्या.

कमोड बोडा-बोडावरून आले. बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल. ती तिकडे माणसं, शेळ्या, सोफे, खिडक्यांच्या चौकटी आणि शवपेट्या नेते. आमच्या स्वाराने एक कमोड पेट्रोलच्या टाकीवर घेतला होता, दोन मागे पाठीला पाठ लावून बांधले होते आणि झाकणं गळ्यात घातली होती. गावात एवढं भव्य स्वागत मला मिळालं नव्हतं.

आता पाहुण्यांकडे येतो. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, तिथल्या मंडळ्यांतली तरुण मुलंमुली सेवेसाठी येत. सगळ्यांचे सदरे एका रंगाचे, पाठीवर वचन छापलेलं. मनाने फार चांगली पोरं. त्यांना विटा रचायच्या असत. ती विमानभाडं भरून विटा रचायला आलेली, आणि पन्नास पावलांवर गावातला गवंडी काम मिळेल का म्हणून बसलेला, हा हिशेब मी कागदावर एकदा मांडला आणि कागद फाडून टाकला. सुरुवातीला ती दिवसा भिंत रचायची आणि रात्री कंदील लावून आमचे गवंडी ती उतरवून पुन्हा ओळंब्यात रचायचे. सिमेंट दुप्पट, मजुरी दीडपट.

फुंडीने यावर जो तोडगा काढला त्यासाठी त्याला पदक द्यायला हवं. स्वयंपाकघरामागे, जिथे काहीही होणार नव्हतं, तिथे त्याने एका भिंतीचा पाया काढला. छोटासा, मजबूत. तुकडी आली की तिला ती भिंत द्यायची. गारा मातीचा, सिमेंट नाही. तुकडी कंबरेएवढी भिंत रचायची, प्रार्थना व्हायची, फोटो व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं, निरोप. विमान उडालं की विटा सुट्या करून, मातीचा गारा खरवडून, पुन्हा नीट चळत लावली जायची. पुढची तुकडी. अंदाजपत्रकात त्याने ‘पाहुण्यांची भिंत’ असं स्वतंत्र कलम टाकलं, आणि माझ्या माहितीत सबंध कामात तेवढं एकच कलम अंदाजापेक्षा कमी खर्चात भागलं. दुसऱ्या वर्षी एक मुलगा परत आला आणि मागच्या खेपेची आपली भिंत शोधायला लागला. फुंडी त्याला गंभीरपणे म्हणाला, “ती आता इमारतीत सगळीकडे आहे.” मुलाने त्याला मिठी मारली.

नामफलक हा प्रकार मी नगरात पाहिलेला होता. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर कोणाच्या स्मरणार्थ ते लिहिलेलं असतं आणि पंखा फिरायला लागला की मयताचं नाव वाचता येत नाही. बालगृहाच्या फलकांची यादी मात्र इमारतीच्या आधी तयार होती. मुख्य पाटी तर पाया खणण्याआधीच रस्त्यावर लागली, फाटकापेक्षा मोठी. मुलींचं शयनगृह एका कुटुंबाच्या नावे, मुलांचं दुसऱ्या. जेवणघर, अभ्यासिका, प्रार्थनेची खोली. प्रत्येक पलंगाला पितळी पट्टी. घंटेसाठी तिघांत चढाओढ झाली, शेवटी घंटा एकाची, दोर दुसऱ्याचा आणि घंटेचा खांब तिसऱ्याचा, अशी तडजोड मी घडवून आणली.

सेप्टिक टँकला कोणी येईना.

आणि कानोत सेप्टिक टँक ही चैन नाही. न्यांडो नदीला पूर आला की मैदानात पाणी पसरतं, एरवीही भूजल वर. तिथे खड्ड्याचा संडास खणला तर पावसाळ्यात तो खालून भरतो, आणि भरला की जे व्हायचं ते विहिरीत होतं. टाकी पक्की, जलाभेद्य, जमिनीपासून उंच चौथऱ्यावर घ्यावी लागते. शोषखड्ड्यासाठीही आधी भराव करावा लागतो. त्यात विजेचा प्रश्न. त्या सरोवराकाठी जेवढी विजांची वादळं होतात तेवढी जगात फार थोड्या जागी होत असतील, तेव्हा पत्र्याच्या इमारतीत मुलं झोपवायची तर वीजरोधक हवा. पन्हाळी हव्यात, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या हव्यात, खिडक्यांना डासांची जाळी हवी, कारण मलेरिया बारमाही. या सगळ्याची मी एक सुंदर यादी केली, प्रत्येकापुढे रक्कम लिहिली आणि ‘नामकरणासाठी उपलब्ध’ असा मथळा देऊन पाठवली. एका सद्गृहस्थांनी वीजरोधकात थोडा रस दाखवला. तो छपरावर असतो, दिसतो. टाकीबद्दल तिकडच्या समितीच्या बैठकीत काय झालं ते इतिवृत्तात आहे: सदस्यांनी या विषयावर स्मितहास्य केलं, विषय पुढे ढकलला.

तेव्हा मी त्यांना नहेम्याचा तिसरा अध्याय पाठवला, चौदावं वचन अधोरेखित करून. खाली लिहिलं, की बंधूंनो, मल्कीया या माणसाचं नाव आज तुमच्या-माझ्या घरात आहे, आणि ते केवळ उकिरडा वेशीमुळे आहे. घंटेच्या दोराबद्दल पवित्र शास्त्रात एक अक्षर नाही. उत्तर यायला वेळ लागला. वचनाबद्दल आभार, या रविवारी आमच्याकडे नहेम्यावर संदेश झाला, फार आशीर्वादित झालो. पैसे नाहीत.

पंडिता रमाबाईंना असल्या पत्रव्यवहाराची सवय असणार. 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली, तिने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला, त्या भरवशावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. दहा वर्षं! आमच्या लोकांचा शब्द एका आर्थिक वर्षाचा, त्यातून नाताळची सुट्टी वजा. केडगावच्या मुक्तीत दुष्काळातल्या शेकडो मुली येऊन पडल्या तेव्हा तिथल्या संडासांची व्यवस्था कोणाच्या देणगीतून झाली हे कोणत्याही रमाबाई-चरित्रात मी वाचलेलं नाही. बाई स्वतःच बघत असणार.

आमची टाकी शेवटी ‘इतर व किरकोळ’ या कलमातून झाली. मी ती वेगवेगळ्या बिलांत गुंडाळली: अभ्यासिकेच्या रंगात दोन गोणी सिमेंट, घंटेच्या खांबात सळई. हिशेब एका पैशाचाही खोटा नाही, फक्त पत्ता जरा लांबचा. टाकीचं झाकण ओतलं त्या दिवशी फुंडीने ओल्या काँक्रीटवर खिळ्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. माझ्याकडे पाहून म्हणाला, इथे कोणी हरकत घेणार नाही ना?

उद्घाटनाला परदेशी पाहुणे आले, चीफ आले, तीन पंथांचे तीन पाळक आले आणि तिघांनीही लांब प्रार्थना केली. तिसऱ्या प्रार्थनेच्या मध्यात असा पाऊस कोसळला की पत्र्यावर पुढचं काही ऐकू आलं नाही; आमेन कधी म्हणायचं ते ओठांवरून ठरवावं लागलं. पन्हाळींनी पाणी टाक्यांत नेलं, फरसबंदीने उरलेलं गटारात ढकललं, जोतं कोरडं. एवढं सुंदर दृश्य चालू असताना सगळे कॅमेरे घंटेकडे होते.

बांधकामावर जेवण पुरवणारी एक आजी होती. मक्याच्या पिठाचं उगाली, सुकुमा विकीची भाजी, ओमेना माशांचं कालवण. चार नातवंडं ती एकटी सांभाळत होती. पलंगावरच्या पितळी पट्ट्या तिने हाताने चाचपून पाहिल्या आणि मला विचारलं, म्झे, माझ्या दोघांना इथे घेतील. पण या एका पलंगाच्या पैशात माझ्या झोपडीवर पत्रे पडले नसते का? मी हिशेब केला. पडले असते, आणि शाळेची फीही उरली असती. याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा अशी दोघांची नावं बरोबरीने आहेत. आमच्या पाटीवर अनाथ तेवढे होते. विधवा फोटोत चांगल्या येत नाहीत.

ती आजी काही वर्षं पुढे होती एवढंच. सेव्ह द चिल्ड्रनने 2009 मध्येच लिहून ठेवलं होतं, की जगभरच्या बालगृहांतल्या पाचपैकी निदान चार मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, 2022 मध्ये नवा बालक कायदा आला, आणि मुलांना संस्थांतून परत घरी, नातेवाइकांकडे पाठवायचं दहा वर्षांचं धोरण जाहीर झालं. माझ्या मते हे शहाणपणाचं झालं. आमच्या इमारतीतली बहुतेक मुलं आजी-मावश्यांकडे गेली. पितळी पट्ट्यांचे पलंग थोडे उरले आहेत. तिथे आता दिवसाची बालवाडी चालते, आठवड्यातून एकदा दवाखाना असतो, आणि पुरात घरं बुडाली की आसपासची माणसं आसऱ्याला येतात, कारण त्या भागात जोतं कोरडं आणि संडास चालू असलेली जागा ती एकच. शयनगृहाला आता नक्की कोणाचं नाव आहे हे तिथल्या बाईंनाही सांगता आलं नाही. टाकी वेळच्या वेळी उपसली जाते, ती उपसणारा माणूस फुंडीचं नाव वाचतो.

तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे. तुमच्या दारी कोणत्याही धर्माची, कोणत्याही संस्थेची माणसं इमारत निधीचं पावतीपुस्तक घेऊन आली, तर द्यायचे तेवढे जरूर द्या. फक्त पावतीवर ‘इमारत निधी’ असं मोघम लिहू देऊ नका. ‘सेप्टिक टँक, गटार व पन्हाळी’ असं लिहून घ्या, आणि पाटीवर नाव हवं का असं विचारलं तर हो म्हणा. रेखाबाच्या मुलाने तेच केलं होतं.